येऊन राहिला

आमच्या शेजारचे सोनकुसरे काकाजी हातात आलेला कोणताही छापील कागद आधी उजेडात धरतात. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर औषधाच्या खोक्यातून निघणारी बारीक अक्षरांची घडी असो. खिडकीशी जायचं, कागद दोन्ही हातांनी ताणायचा, एक डोळा मिटून आरपार पाहायचं आणि मगच चष्मा लावून वाचायला बसायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नोट खरी की खोटी तपासतात तसं काहीतरी चाललंय. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "भोकं पाहून राहिलो, सर."

काकाजींचं मूळ घर आंधळगावचं. घरात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग. मागावरून उतरलेलं कापड वडील दारात नेऊन उन्हाकडे धरत आणि कुठं धागा सुटलाय ते शोधत. काकाजींनी माग सोडून जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरी धरली, पण ही सवय काही सुटली नाही. फक्त कापडाच्या जागी नियम आला. "नियम मनजे कापडच हाय जी," ते मला समजावतात. "कितीबी घट्ट विना, उजेडात धरलं का भोक दिसतेच."

फॅक्टरीत त्यांनी तीसेक वर्षं काढली. तिथं नेमकं काय करत होते हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगणं नियमात बसत नाही. खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी तेवढी अजून असते. रिटायर झाल्यावर त्यांनी भंडाऱ्यात खात रोडला आमच्या शेजारी घर बांधलं आणि तेव्हापासून मोहल्ल्यातल्या एकाही पाटीला सुख नाही.

एकदा आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. दारावर पाटी होती, ‘चपला बाहेर काढाव्यात’. काकाजींनी चपला बाहेर काढल्या, उचलल्या, काखेत मारल्या आणि आत शिरले. कंपाउंडर धावत आला. काकाजी म्हणाले, "काढा मनते, काढल्या. इथंच ठेवा असं लिवलं कुठी?" ‘लिवलं कुठी’ हे त्यांचं ठेवणीतलं शस्त्र. त्यापुढे भलेभले गप्प होतात. डॉक्टरांनी त्या दिवशी त्यांना मांडीवर चपला ठेवून तपासलं.

एकदा एका लग्नाची पत्रिका आली, तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’. काकाजींनी ती खिडकीत धरली, मान डोलावली आणि पितळेचा एक भलामोठा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणून माझ्या हातात दिला. म्हणाले, "आनू नये मनते. मी आनून नाही राहिलो. तुमी आनून राहिले." सबंध मांडवातून तो गुंड छातीशी धरून मी चालत गेलो, आणि पत्रिकेचं न ऐकणारा गावंढळ म्हणून लोक माझ्याकडे पाहत होते. काकाजी मागून रिकाम्या हातांनी, अगदी नियमात.

काकू बिचाऱ्या या माणसासोबत चाळीस वर्षं राहिल्या आहेत. त्या म्हणतात, "याईले वाढताना बी विचार करा लागते. पोटभर जेवा म्हटलं तं इचारते, भरलं का नाही हे ठरवन कोन?"

माझं आणि काकाजींचं एकच खरं भांडण होतं, ते त्यांच्या फाटकावरून. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये भिंत नाही, नुसती मेंदीची विरळ रांग आहे. काकाजी त्यांच्या अंगणाचं लोखंडी फाटक कधी लावत नाहीत. दिवस असो, रात्र असो, सताड उघडं. रस्त्यावरची एक तांबडी गाय त्यातून आत येते, त्यांच्या अंगणात तिच्या लायकीचं काही नसल्यामुळे मेंदीतून माझ्याकडे शिरते आणि माझा झेंडू खाते. मी कितीदा सांगितलं, काकाजी, कडी लावत जा. उत्तर ठरलेलं, "फाटकाले कडी लावाच, असं लिवलं कुठी?" मी दोन वर्षं झेंडू लावला. मग लावणं सोडून दिलं.

आता रोबोटकडे येतो.

मी शाळेत मराठी शिकवतो. आमच्या शाळेत रोबोटिक्सची लॅब आली, म्हणजे एका खोलीला रंग लागला आणि चार खोकी आली. ती कुणाच्या ताब्यात द्यायची असा प्रश्न निघाला, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी माझं नाव सुचवलं, कारण शाळेचा प्रोजेक्टर मलाच लावता येतो. पाठोपाठ जिल्हा पातळीवरची शालेय रोबोट स्पर्धा आली आणि तिच्यासोबत इंग्रजीतलं चाळीस पानांचं नियमांचं बाड. आयोजकांपैकी एकजण म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे. करून टाका मराठीत."

मी करून टाकलं. माझ्या मराठीबद्दल मला थोडा अभिमान आहे, थोडा म्हणजे बराच. आमच्याकडे माणूस ‘येत’ नसतो, तो ‘येऊन राहते’. पाऊस पडत नाही, ‘पडून राहते’. वर्गात कुणी "सर, मी लिहून राहिलो" म्हणालं की मी त्याला उभं करतो आणि ‘मी लिहीत आहे’ असं पाच वेळा म्हणायला लावतो. घरी माझी आई मला "जेवून राहिला का?" असंच विचारते, पण तो आमच्या घरातला प्रश्न आहे.

तर एका रविवारी मी अंगणात ते नियम तपासत बसलो होतो. काकाजी मेंदीतून गायीसारखेच आले आणि कागद उचलून सूर्याकडे धरला. पाच मिनिटं तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "हे राहू द्या माह्याजवळ दोन दिवस."

दोन दिवसांनी एकरेघी कागदावर लाल शाईने लिहिलेल्या एकतीस हरकती आल्या. नियम होता, रोबोटने प्रतिस्पर्धी रोबोटशी सौजन्याने वागावे. हरकत : सौजन्य पट्टीने मोजायचे की काट्याने? नियम : रोबोटचे नाव कुणाच्याही भावना दुखावणारे नसावे. हरकत : ज्याचे तेच नाव आहे त्याने काय करावे? नियम : रोबोटची लांबी-रुंदी एक फुटापेक्षा जास्त नसावी. हरकत : कधी मोजणार? सुरुवातीला मोजला आणि नंतर त्याने हात लांब केला तर?

मी चिडलो. म्हणालो, "काकाजी, पोरांची स्पर्धा आहे. कोर्टकचेरी नाही."

"म्हनून तं," काकाजी म्हणाले. "कोर्टात वकील भेटते. पोट्ट्याईले कोन भेटते?"

त्यांच्या हरकतींपैकी निम्म्या मी गुपचूप दुरुस्त केल्या, आणि उरलेल्या रागाने तशाच ठेवल्या. दुसऱ्या आठवड्यात काकाजी आमच्या मुलींचे मार्गदर्शक म्हणून लॅबमध्ये हजर. मार्गदर्शक शिक्षकच असावा असं लिहिलं कुठं होतं?

संघात चार मुली होत्या, नववीतल्या. श्रावणी त्यांची कॅप्टन. काम असं होतं की फ्लेक्सवर छापलेल्या शेतातून धानाची इवलीशी पोती उचलायची आणि तीन मिनिटांत गोदामात नेऊन टाकायची. मुलींनी आपल्या रोबोटचं नाव ठेवलं राणी. राणी सुरुवातीला हात पोटाशी घेऊन एका फुटात बसायची आणि शिट्टी वाजली की हात पसरून सव्वा दोन फुटांची व्हायची. ते भोक काकाजींचं. मी दुरुस्त न केलेल्या हरकतींपैकी.

‘मोठ्यांनी रोबोटला हात लावू नये’ असा नियम होता. काकाजींनी शेवटपर्यंत राणीला हात लावला नाही. धूळ फुंकरीने उडवली, आणि एकदा अडकलेलं चाक पायाच्या अंगठ्याने सोडवलं. ‘मार्गदर्शकाने सरावफेरीत विद्यार्थ्यांशी बोलू नये’ हाही नियम होता. मग ते माझ्याशी बोलायचे, खणखणीत आवाजात. "काय सर, एखाद्याच्या डाव्या चाकाचा स्क्रू ढिला असला, तं त्यानं तो कसाव का नाही?" मी म्हणायचो, कसावा. श्रावणी तोवर पाना घेऊन बसलेली असायची.

श्रावणीच्या आईने राणीला लिंबू-मिरची बांधून दिली. त्यामुळे राणी फुटाच्या बाहेर बोटभर गेली. तालुक्याच्या फेरीत परीक्षक म्हणाले, लिंबू हा रोबोटचा भाग आहे, मोजावा लागेल. काकाजी म्हणाले, भाग नाही, अलंकार आहे. परीक्षक म्हणाले, मग काढा. काकाजी म्हणाले, "काढतो. पन काढल्यावर बंद पडला, तं भाग होता हे सिद्ध झालं, अन् तुमी चालू रोबोटचा भाग काढाले लावला असं होते. तसं लिहून द्या." लिंबू राहिलं.

गंमत सोडली तर त्या चार मुलींना जिल्ह्यात पहिलं यायचं होतं, कारण पुढे नागपूरला एकच संघ जाणार होता. दुसऱ्याला टाळ्या. रोज शाळा सुटल्यावर त्या लॅबमध्ये बसायच्या. अडचण एकच होती, कोंढ्याचा संघ. पवनी तालुक्यातल्या फेरीत कोंढ्याच्या रोबोटने सगळी पोती दोन मिनिटांत भरली, अशी बातमी आमच्यापर्यंत आली होती. खोक्यातल्या सामानाला त्यांनी सायकलची चेन आणि कसल्या तरी पंपाची मोटर जोडली होती म्हणे. त्यांची कॅप्टन दीक्षा नावाची एक मुलगी आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. श्रावणी त्या नावाचा उच्चार परीक्षेतल्या गणितासारखा करायची.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. परीक्षक नवरानवरीच्या लाल सोफ्यावर बसले होते. मुख्य परीक्षक आपटे सर, पुण्याहून आलेला तरुण, हसतमुख माणूस. नोंदणीच्या टेबलावर मी आणि माझ्या शेजारी, कुणी नेमलेलं नसताना, काकाजी. बाहेरच्या फाटकावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेला नियम क्रमांक चार लावला होता : ‘सकाळी ठीक दहा वाजता प्रत्येक संघ स्पर्धास्थळी येऊन राहिला पाहिजे. अन्यथा संघ बाद समजण्यात येईल.’

दहाला पाच कमी असताना माझा फोन वाजला. हात बिल्ले वाटण्यात अडकलेले, म्हणून मी स्पीकर लावला. कोंढ्याचे शिक्षक होते. "सर, आमी येऊन राहिलो. गाडी पंक्चर झाली होती. अर्ध्या तासात पोचतो."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी "बरं" एवढंच म्हणालो. दहा वाजले, आपटे सरांनी वही मागवली आणि खाली रेघ मारली. मी लांबूनच श्रावणीला ‘कोंढा बाद’ अशी खूण केली. ती खूण बरी नव्हती, हे तेव्हाही मला कळत होतं.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी एक काळीपिवळी येऊन थांबली. तिच्यातून शिक्षक उतरले आणि चार पोरं उतरली. रोबोट आंब्याच्या पेटीत, वरून दुपट्टा झाकलेला. पेटी जिच्या हातात होती ती मुलगी किडकिडीत, दोन वेण्यांची, आणि हात कोपरापर्यंत काळे, कारण चाक बदलायला तीच बसली होती. दीक्षा तीच असावी. वॉचमनने फाटकाला कडी घातली आणि पाटी दाखवली. मी जाऊन समजावलं की माझ्या हातात काही नाही. मुलगी रडली नाही, भांडली नाही. ती पाटी वाचत उभी राहिली. त्यांचे शिक्षक चांगले माणूस होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चाल बेटा. लिवलं हाय. काय करतो मंग?"

काकाजी माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. ‘लिवलं हाय’ हे शब्द ऐकले आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मग त्यांनी फाटकावरची पाटी सोडवली, दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली आणि तशीच घेऊन आत सोफ्यापर्यंत चालत गेले.

"साहेब," ते आपटे सरांना म्हणाले, "कोंढ्याचा संघ नियमात बसते."

आपटे सर हसले. "काका, नियम स्पष्ट आहे. दहा वाजता येऊन राहिला पाहिजे."

"येऊन राहिलेच होते."

"अहो, आले कुठे होते?"

"आले नव्हते. येऊन राहिले होते."

"तेच म्हणतोय मी. येऊन राहिले नव्हते."

"राहिले होते जी. दहाले पाच कमी होते तवा याईच्या फोनवर सोता सांगतलं. इचारा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आपटे सर गोंधळले. "येऊन राहिले म्हणजे... मुक्कामाला?"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. असं दोन मिनिटं चाललं. दोघंही एकच वाक्य बोलत होते आणि दोघांचं म्हणणं उलट होतं. शेवटी आपटे सरांनी घाम पुसला आणि कार्यालयाच्या नोकराला विचारलं, "अहो, मघाशी चहा सांगितला होता, कुठं आहे?"

तो म्हणाला, "येऊन राहिला, सर."

काकाजींनी जागच्या जागी त्याला धरलं. "आला का?"

"नाही जी. येऊन राहिला."

"मंग बाद समजाचा का चहा?"

"बाद कायले?" तो घाबरून म्हणाला. "येऊन राहिला म्हटलं ना."

सगळा हॉल हसला. आपटे सरही हसले, पण माणूस सरळ होता. ते माझ्याकडे वळले. "सर, मराठी नियम तुम्ही लिहिलेत. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

मला काय म्हणायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. येऊन थांबलेला असावा, हजर असावा. मूळ इंग्रजीतही तेच होतं. हे वाक्य मी दहा वेळा वाचलं होतं आणि एकदाही मला त्यात आमच्या घरचं बोलणं दिसलं नव्हतं. आता समोर माझ्या वर्गातल्या चार मुली बसल्या होत्या, ज्यांना मी याच ‘राहिलो’साठी उभं केलं होतं. मुख्याध्यापिका बाई डोळ्यांनी मला सांगत होत्या की नीट उत्तर द्या. बाहेर फाटकाच्या गजातून दोन वेण्या दिसत होत्या. काकाजी माझ्याकडे पाहतच नव्हते. पाटी छातीशी धरून ते जमिनीकडे बघत होते.

"मला काय म्हणायचं होतं ते राहू द्या," मी म्हणालो. "लिहिलंय त्याचा इथला अर्थ काकाजी सांगतात तोच आहे. संघ दहा वाजता येऊन राहिला होता."

श्रावणीच्या मैत्रिणीने अगदी हळू म्हटलं, "सर, उभे राहा." मी ऐकलं नाही असं दाखवलं. आपटे सरांनी रेघेखाली कोंढ्याचं नाव लिहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला अजून जड जातं. राणीने सगळी पोती भरली, दोन मिनिटं पन्नास सेकंदांत, लिंबासकट. कोंढ्याच्या सायकलच्या चेनने तेवढीच पोती दोन मिनिटं दहा सेकंदांत भरली. कोंढा पहिला, आम्ही दुसरे.

श्रावणी काकाजींसमोर जाऊन उभी राहिली. डोळे लाल. "काकाजी, तुमी आमचे होते नं?"

"तुमचाच हाओ," काकाजी म्हणाले.

"मंग काहून?"

प्रत्येक पाटीला उत्तर देणारा हा माणूस खिशातली पट्टी काढून सदऱ्याला पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "ते आलेच नसते, तं तुमी कोनाले हरवलं असतं बेटा?" श्रावणीला हे पटलं नाही. ती तशीच निघून गेली, आणि त्यात तिची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

मी काकाजींना शोधत मागच्या बाजूला गेलो. आचाऱ्यांची मोठी गंजं, म्हणजे पातेली, उपडी घातली होती, त्यांतल्या एकावर ते बसले होते. मी रागातच होतो. म्हणालो, "एकतीस हरकती काढल्या तुम्ही. ही एक का नाही काढली? मी वाक्य बदललं असतं, हा प्रसंगच आला नसता."

"दिसली होती," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी. ठेवून देली. म्हटलं, कोनाच्या तरी कामी पडन."

मग ते जे बोलले ते थांबत थांबत बोलले. त्यांची मुलगी सुषमा, आता भिलाईला असते, बारावीला होती तेव्हाची गोष्ट. घरातला रेडिओ, मिक्सर, बापाची स्कूटर, सगळं तीच उघडायची आणि तीच जोडायची. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. प्रवेश परीक्षेच्या दिवशी बापलेक आंधळगावहून स्कूटरवर भंडाऱ्याला निघाले. वरठीला रेल्वेचं फाटक बंद.

"लोक स्कूटर वाकवून खालून जाऊन राहिले होते," काकाजी म्हणाले. "सुषी मने, बाबा, चला. मी म्हटलं, फाटक बंद असल्यावर जाता येत नाही, लिवलं हाय. एक गाडी गेली. मंग मालगाडी. मंग आखीन एक. सहा मिनटं उशीर झाला. सेंटरवर गेटाले कुलूप. ते मने, बाबा, तुमी बोला ना त्याईले. मी पाटी वाचली. मी म्हटलं, लिवलं हाय बेटा. अन् स्कूटर फिरवली."

"रेल्वेच्या फाटकाखालून नाहीच जायचं, काकाजी," मी म्हणालो. "ते तुमचं बरोबर होतं."

"फाटकाचं बरोबर होतं," ते म्हणाले. "गेटाचं नाही. बोलून तं पाहाव लागत होतं. एक भोक शोधाव लागत होतं. मले शोधता येत होतं, सर. कापडातली भोकं तं मी पोरगा होतो तवापासून शोधत होतो. पोरीसाठी नाही शोधलं." मग म्हणाले, "ते काही म्हनाली नाही. बी.ए. केलं. लग्न झालं. आजवर एक शब्द नाही म्हनाली."

तेवढ्यात त्यांनीच फोन काढला आणि लावला. मी उठायला लागलो, तर हाताने बसवलं. पलीकडून सुषमाताईंचा आवाज मला ऐकू येत होता. काकाजींनी तिला सगळं सांगितलं, पंचवीस मिनिटं उशीर, आंब्याची पेटी, काळे हात, चहा. "घेतलं आत त्याईले," ते म्हणाले. मग सुषमाताई म्हणाल्या, "बाबा, जेवले का तुमी?"

"जेवतो आता. दिवाळीले येतं नं, बेटा?"

"हो बाबा. येऊन राहिली नं."

फोन खिशात ठेवून काकाजी म्हणाले, "येऊन राहिली मनते."

काकूंनी मला मागेच सांगितलं होतं की सुषी चार दिवाळ्यांपासून ‘येऊन राहिली’ आहे. कधी सासूचं दुखणं निघतं, कधी मुलांची परीक्षा. मी मराठीचा मास्तर. या वाक्याचा काळ कोणता, ते मला चांगलं सांगता आलं असतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "चार वर्षं झाली ना, काकाजी?"

"झाली," ते म्हणाले. "पन आली नाही असं नाही मनत मी कोनाले. येऊन राहिली हाय ते. पोचली अन् फाटकाले कडी दिसली, असं पुन्हा नाही व्हाले पायजे." आणि गंजावरून उठून, गुडघ्यावर हात ठेवत, ते कोंढ्याच्या मुलीला शोधायला गेले, कारण नागपूरच्या नियमांत त्यांना दोन भोकं दिसली होती.

संध्याकाळी मी घरी आलो तर तांबडी गाय माझ्या अंगणात उभी होती. झेंडू नव्हताच, म्हणून ती कढीपत्त्याला लागली होती. मी तिला मेंदीतून, काकाजींच्या अंगणातून, पार रस्त्यापर्यंत हाकलत नेलं. सवयीने माझा हात फाटकाच्या कडीकडे गेला होता. मी तो मागे घेतला, आणि फाटक होतं तसं उघडं ठेवून घरात आलो.